नात्याचा रकाना

तीन वर्षं तारखा खाल्ल्यावर सहमतीचा अर्ज झाला.
अठरा कलमं. सहावं माझं:
रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा,
मे महिन्यात पंधरा दिवस,
गणपती आईकडे, पाडवा आलटून-पालटून.
शिंत्रे वकिलांनी ते मोठ्यानं वाचलं
कसबा बावड्यात, कोर्टाबाहेरच्या टपरीवर,
कारण आत पंखा बंद होता.
प्रणाली म्हणाली, "इथं स्वल्पविराम राहिलाय."
मराठी शिकवते ती.
बारा वर्षांत माझे किती राहिले
ते तिनं तिथं काढलं नाही.

मी उद्यमनगरात, लेथवर.
केसाएवढा फरक बोटाला कळतो मला,
तरी स्वरांजलीचा भांग
माझ्या हातून वाकडाच पडतो.
घरी नेल्यावर प्रणाली तो मोडून पुन्हा काढते,
मला माहीत आहे. बोलत नाही.
असलं काही अठरा कलमांत कुठं नाही.

पोरीला सोपवायची जागा गंगावेशीत, दुधाचा कट्टा.
सहाला पाच कमी असताना मी पेला सांगतो,
धारोष्ण, फेसासकट.
आठ वर्षांच्या पोरीला पेलाभर दूध प्यायला
वीस मिनिटं लागतात, पाहिजे तर.
प्रणाली घड्याळ बघते, स्कूटी बंद करते,
गवळ्याला म्हणते, "मला अर्धाच."

मग ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पाणी
एकोणचाळीस फूट झालं, दोन दिवसांत त्रेचाळीस.
वडणग्याचा रस्ता बंद.
रविवारचे सहा वाजले
आणि पंचगंगेनं सहावं कलम पोटात घेतलं.
पोरगी माझ्याकडं. सहा दिवस.
पहिल्या रात्री फोन: "ताप आला तर अर्धी गोळी. उशा दोन लागतात तिला."
दुसऱ्या रात्री: "पाणी गल्लीच्या तोंडाला आलंय."
स्वरांजलीनं विचारलं,
"बाबा, कोर्टात सांगून पाणी कमी करता येतं का?"
तिसऱ्या रात्री फोन लागलाच नाही.
पोरगी दोन उशांवर झोपलेली
आणि मी मोबाईलवर फूट, इंच बघत बसलेला.
जिच्यापासून सुटायला एवढ्या तारखा मोजल्या
तिच्या फोनची रिंग वाजावी म्हणून
पहाटेपर्यंत आकडे मोजले.

पाणी उतरलं तसा मृत्युपत्र करायला गेलो.
एक लेथ, दीड गुंठा जागा, विम्याच्या दोन पॉलिसी.
सगळं पोरीला.
"सज्ञान होईपर्यंत देखरेख कुणाची?" शिंत्रे म्हणाले.
"भावाचं नाव घालूया. रीत तीच."
भाऊ चांगला आहे.
शिमग्याला माझी मोटरसायकल घेऊन गेलाय,
अजून आणतोय.
मी म्हटलं, "प्रणाली यशवंत कारंडे."
शिंत्रेंनी चष्मा काढला.
"आवो, हिला पैशाचा व्यवहार कळत नाही
असं जबाबात म्हणाला होता तुम्ही."
"ते तुम्हीच लिहिलं हुतं."
"हं," म्हणाले. चष्मा घातला.
"नातं काय लिहू?"

शेजारी झेरॉक्सचं मशीन
एकच पान पुन्हापुन्हा काढत होतं.
बायको म्हणावं तर हुकूमनामा फाईलला लावलेला.
मैत्रीण म्हणावं तर वाढदिवसाचा साधा मेसेज नाही.
गंगावेशीतला अर्धा पेला,
हे सरकारी कागदावर कसं लिहायचं.
शेवटी त्यांनीच लिहिलं: मुलीची आई
आणि पुढं तसेच पत्त्यावर गेले.
मी पेन मागून घेतलं,
मधे एक स्वल्पविराम दिला.

रविवारी कट्ट्यावर तिला सांगितलं.
ती माझ्याकडं बघतच राहिली.
"तुला काही झालंय का? डॉक्टरकडं गेलावतास?"
"नाही."
"खरं सांग."
"नाही, खरंच."
"मग आधी भांग काढायला शीक,"
म्हणाली, आणि तिथंच, म्हशींच्या घोळक्यात,
पर्समधली फणी माझ्या हातात दिली.
स्वरांजली पाठ करून उभी राहिली, पेला तसाच हातात.
"नाकाच्या रेषेत धर. वर. अजून वर."
सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.